घरातल्या बंदुकीचा विमा : आधी परवाना, मग हप्ता

(परवानाधारक शेतकरी, जुन्या वाड्यांचे वारस आणि नेमबाज यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, घराचा विमा उतरवलाय म्हणजे कपाटातल्या बंदुकीचाही उतरला, असं आपल्याकडचे बहुतेक परवानाधारक धरून चालतात. सर्वसाधारण विम्याच्या धंद्यात माझी नोकरी गेली, त्यात चोरीचे आणि आगीचे दावे तपासण्याचं काम पुष्कळ केलं. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, की हे गृहीत धरणं महागात पडतं. बंदूक ही घरातली अशी एकच वस्तू आहे जी चोरीला गेली तर तुमचं आर्थिक नुकसान होतंच, शिवाय कायद्यापुढे उत्तर द्यायला तुम्हालाच उभं राहावं लागतं. फ्रिज चोरीला गेला तर असं काही होत नाही.

सुरुवात घराच्या पॉलिसीपासून करू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आणली आणि बहुतेक कंपन्या ती देतात. आग, भूकंप, पूर, वादळ, दंगल यांच्यासाठी ती चांगली आहे. इमारतीबरोबर घरसामानही आपोआप धरलं जातं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. पण चोरीचं काय? या पॉलिसीत चोरी येते ती एवढीच : पूर किंवा आगीसारखी विम्यातली एखादी आपत्ती आली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. एरवी कुलूप फोडून कोणी बंदूक नेली तर ही पॉलिसी तुम्हाला काहीच देत नाही. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. शिवाय स्फोटक पदार्थ या पॉलिसीत मुळात वगळलेले आहेत. ठासणीच्या बंदुकीची दारू ज्यांच्या घरी असते, त्यांनी हे वाक्य पॉलिसीत शोधून वाचावं.

आता घरफोडीचा विमा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त दावे याच ठिकाणी अडकतात. घरफोडीच्या पॉलिसीत चोरीची व्याख्या दिलेली असते : बळाचा वापर करून, जबरदस्तीने आत शिरून केलेली चोरी. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल’ या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की पॉलिसीत असे शब्द असतील तर बळाच्या वापराशिवाय झालेली चोरी तिच्यात बसत नाही. म्हणजे दार उघडं होतं, किल्ली खुंटीवर होती, कोणी सरळ आत येऊन बंदूक उचलली, तर फौजदारी कायद्याने ती चोरी आहे, पण पॉलिसीच्या लेखी ती घरफोडी नाही. घरातल्याच माणसाने किंवा गड्याने नेली, तरी बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं.

एका जुन्या वाड्यातला दावा मी तपासला होता. खंडेनवमीला शस्त्रं पूजेला काढली, तेव्हा आजोबांच्या वेळची दुनळी जागेवर नाही असं कळलं. कपाट धडधाकट, कुलूप धडधाकट, दाराची कडीसुद्धा वाकलेली नाही. शेवटची कधी पाहिली, असं विचारलं तर घरात तीन जणांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला गेल्या खंडेनवमीला, दुसरा म्हणाला मे महिन्यात पाहुणे आले तेव्हा. कंपनीने दावा नाकारला आणि पॉलिसीच्या शब्दांकडे पाहिलं तर दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. माणसं खोटं बोलत नव्हती, पण चोरीची तारीख नाही, आत शिरल्याची खूण नाही. विम्याच्या भाषेत याला गूढरीत्या नाहीसं होणं म्हणतात आणि ते जवळपास सगळीकडे वगळलेलं असतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की महिन्यातून एकदा तेलपाणी करायला बंदूक बाहेर काढा आणि एका वहीत तारीख टाका. ती वही पुढे पुरावा होते.

मग चोरी आणि गहाळ होणं, दोन्ही धरायचं असेल तर? त्यासाठी ‘ऑल रिस्क’ प्रकारची पॉलिसी मागावी लागते. घरातून क्लबावर, क्लबातून स्पर्धेला, वाटेत, विमानाच्या सामानात असं सगळं त्यात बसवता येतं. पण कंपनी ती देताना बंदुकीचं नाव ऐकून मागेपुढे पाहते. इथे नेमबाजांची बाजू भक्कम असते. दहा मीटरची एअर रायफल, जिची ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त नाही आणि बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, .१७७ इंचापेक्षा मोठा नाही, तिला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाच लागत नाही. ती क्रीडासाहित्य म्हणून सरळ उतरवता येते. चांगली जर्मन किंवा ऑस्ट्रियन एअर रायफल लाखांच्या घरात जाते, आणि आईबापांनी कर्ज काढून घेतलेली असते. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून किती घरांतून मुलं या खेळात उतरली आहेत! त्या पालकांनी पहिल्या दिवशी रायफलीबरोबर विम्याचाही विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

आता ‘संग्रह’ या शब्दाकडे येतो, कारण इथे आपल्या देशाचा कायदा वेगळा आहे. अमेरिकेत माणूस दहा-वीस बंदुका बाळगू शकतो. तिथल्या घराच्या प्रचलित पॉलिसीत बंदुकांच्या चोरीला साधारण २,५०० डॉलरची मर्यादा असते, म्हणून संग्राहक एकेक बंदूक यादीत नोंदवून वेगळा विमा घेतात. आपल्याकडे डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. तिसरं शस्त्र एका वर्षाच्या आत जमा करायचं होतं. वडिलोपार्जित असलं तरी सूट नाही. सवलत आहे ती मुख्यतः नेमबाजांना. त्यामुळे कोणाच्या कपाटात तिसरी बंदूक अजून असेल, तर तिचा हप्ता भरून काही उपयोग नाही. बेकायदा ताब्यातल्या वस्तूवर विमा टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमानुसार बेकायदा हेतूचा करारच रद्दबातल असतो. परवान्याची मुदत संपली असेल तर तीच गत. मुदत आता पाच वर्षांची आहे, त्यामुळे विसरायला होतं. नूतनीकरणाची तारीख पॉलिसीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

वडील वारले आणि बंदूक तशीच कपाटात राहिली, हे मी फार पाहिलं. परवाना त्यांच्या नावावर, पॉलिसी त्यांच्या नावावर, आणि मुलगा हप्ता भरत राहतो. अशा बंदुकीची चोरी झाली तर दावा करायला माणूसच नाही. वारसाने ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. याहून चांगला मार्ग शस्त्र नियमांतच आहे : परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, की हयातीतच ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांचे वडील या वयाचे आहेत त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

वाड्यांमध्ये तोड्याच्या (पेटत्या वातीने उडणाऱ्या) किंवा गारेच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुकाही असतात. दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुन्या धाटणीचं शस्त्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. ते पुरातन वस्तू म्हणून उतरवा. ‘भारत गृह रक्षा’मध्ये मौल्यवान वस्तूंसाठी, पॉलिसी घेतानाच कंपनीशी ठरवून घेतलेल्या किमतीवर, जादा संरक्षण मिळतं आणि त्यात पुरातन वस्तू बसतात, पण तिथेही वर सांगितलेली चोरीची अट विसरू नका. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ज्या ठासणीच्या बंदुका आहेत त्यांची गोष्ट वेगळी. कितीही जुनी असो, बार निघतोय ना, मग परवाना हवाच.

ठरवून घेतलेली किंमत हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साध्या पॉलिसीत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, वस्तू जुनी झाली म्हणून घसारा कापतो. साठ वर्षांपूर्वीच्या इंग्रजी दुनळीला घसारा लावला तर हातात काय येणार? प्रत्यक्षात बाजार उलटा चालतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, म्हणून त्याआधी आलेल्या परदेशी शस्त्रांना इथे परदेशापेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. याउलट शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे लंडनच्या लिलावातली किंमत दाखवून इथे विमा मागू नका, कंपनी ती मानणार नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून लेखी मूल्यांकन घ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी नवं करून घ्या. कमी किमतीचा विमा काढून हप्ता वाचवायला जाऊ नका. दहा लाखांच्या वस्तू पाच लाखांवर उतरवल्या आणि दोन लाखांची बंदूक गेली, तर हातात एक लाख येतो. पॉलिसीतल्या सरासरीच्या कलमाचा हिशेब असा असतो.

वर्णन कसं लिहायचं तेही सांगतो. ‘बारा बोअर, दुनळी, एक नग’ एवढं लिहून भागत नाही. परवान्याच्या पुस्तिकेत ‘डीबीबीएल’ (मागून काडतूस भरायची दुनळी) आणि एक क्रमांक असतो, तो प्रत्यक्ष बंदुकीशी जुळवून पाहा. जुन्या इंग्रजी बंदुकीत हा क्रमांक चापाभोवतीच्या कड्याच्या मागच्या पट्टीवर असतो. नळ्या उतरवल्या, की त्यांच्या खालच्या सपाट भागावरही तो आणि शेजारी लंडन किंवा बर्मिंगहॅमचे तपासणीचे शिक्के दिसतात. पुस्तिकेत एखादा आकडा चुकलेला निघतो, कारण कोणीतरी कधीतरी पुसट अक्षर वाचून लिहिलेलं असतं. ती चूक चोरीआधी दुरुस्त करून घ्या. शिक्क्यांचा, दस्त्यावरच्या नक्षीचा, जुन्या ओरखड्याचा जवळून फोटो घ्या आणि तो घराबाहेर कुठेतरी ठेवा. बंदुकीबरोबर फोनही गेला तर फोटोचा उपयोग काय?

गंज विम्यात येत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात नळीला गंज चढला तर ती तुमची जबाबदारी. घर सलग बरेच दिवस बंद राहिलं तर घरफोडीचं संरक्षण थांबतं, अशी अट अनेक पॉलिसींमध्ये असते. गणपतीला उघडणाऱ्या आणि मग शिमग्यापर्यंत बंद राहणाऱ्या घरांत बंदूक ठेवणाऱ्यांनी ती ओळ वाचावी. आचारसंहिता लागली आणि छाननी समितीने शस्त्र जमा करायला सांगितलं, तर ते महिना-दोन महिने पोलीस ठाण्यात असतं. पॉलिसीत पत्ता मात्र तुमच्या घराचा. कंपनीला आधीच कळवून तेवढ्या काळाची नोंद करून घ्या. जमा करताना क्रमांक आणि स्थिती लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

चोरी झाली तर पहिलं काम ताबडतोब पोलीस ठाणं. ही परवान्याची अटच आहे, विम्याची नंतर. गुन्हा नोंदवताना ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांपैकी जे खरं आहे तेच लिहा, कारण पुढे कंपनी तोच शब्द वाचणार आहे. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. पंचनाम्याची प्रत घ्या. तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ सादर करतात, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ती मंजूर झाल्याचा कागद बहुतेक कंपन्या मागतात, आणि त्याला महिने लागतात. बंदूक दुसऱ्या कोणत्या गुन्ह्यात वापरली गेली तर तुमची वेळेत दिलेली फिर्यादच तुमचा बचाव करते.

एका चिठ्ठीवर प्रश्न आलाय : दाव्याचे पैसे मिळाले आणि मग बंदूक सापडली तर ती कोणाची? पैसे दिल्यावर वस्तूवरचा हक्क कंपनीकडे जातो. पण कंपनीकडे शस्त्र परवाना नसतो, त्यामुळे तिला ती ताब्यात घेता येत नाही. बंदूक मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या मालखान्यात पडून राहते आणि दमट खोलीत तिची नळी सडते. तुमचा परवाना चालू असेल, तर कंपनीशी लेखी समझोता करा, मिळालेली रक्कम परत द्या आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली ती ताब्यात मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करा. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय, की जप्त वस्तू गरजेपेक्षा जास्त काळ ठाण्यात ठेवू नयेत. वकिलाला त्या निकालाचा आधार घ्यायला सांगा, आणि अर्जासोबत परवान्याची प्रत व क्रमांकाचा फोटो जोडा.