दोन याद्यांतून निसटलेली माणसं

मंडळी, समोर नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडचे बरेच द्राक्ष बागायतदार दिसताहेत. चिकट सापळ्यावरचे फुलकिडे तुम्ही मोजता. पण सापळ्यावर आले म्हणजे बागेतले सगळे आले असं नव्हे, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. मग न दिसलेले कसे मोजायचे?

1930 च्या दशकात टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, जॅक्सन नावाचे कीटकशास्त्रज्ञ त्सेत्से माश्या पकडून त्यांच्यावर रंगाचे ठिपके देत आणि सोडून देत. समजा, 200 माश्यांना ठिपके दिले. पुढच्या खेपेला 150 पकडल्या, त्यांत 30 ठिपकेवाल्या निघाल्या. म्हणजे पाचातली एक आपली. तर एकूण माश्या हजाराच्या आसपास.

आता माणसांकडे या. 1949 मध्ये आपले लोकसंख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी कलकत्त्याजवळच्या सिंगूरमधल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी घेऊन हेच गणित मांडलं. समजा, निबंधकाच्या वहीत 400 जन्म आहेत. घरोघर फिरणाऱ्याला 500 मिळाले. दोन्हीकडे असलेले 320. 400 ला 500 ने गुणून 320 ने भागलं की एकूण 625 येतात. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर 580 च भरतात. उरलेली 45 बाळं कुणाच्याच कागदावर नाहीत, तरी ती आहेत, हे आपल्याला कळतं! मला या गणिताबद्दल मनापासून आदर आहे तो एवढ्यासाठी. देशाचे जन्ममृत्यूदर काढणारी आपली नमुना नोंदणी पद्धतही दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी ताडून पाहण्यावरच उभी आहे.

पण अट कडक आहे. एका यादीतून सुटणं आणि दुसरीतून सुटणं यांचा एकमेकांशी संबंध नसावा. सापळ्याला बिचकणारा किडा दोन्ही वेळा निसटतो, आणि मग अंदाज कमी येतो. पेठ-सुरगाण्याहून बागेवर आलेल्या मजुराचं बाळ तसंच दोन्हीकडून सुटतं: गावात घराला कुलूप, इथे पत्ता नाही. म्हणून चंद्रशेखरन-डेमिंग सांगतात, सगळ्यांना एकत्र मोजू नका. सारख्या स्थितीतल्या लोकांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करा.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 23 लाख भरली. नंतरच्या पडताळणीत देशपातळीवर हजारी 23 माणसं सुटल्याचं दिसलं. देशाचा हिशेब केला तर हा आकडा पावणेतीन कोटींच्या घरात जातो. हाच दर सरसकट नाशिकला लावणं मात्र चूक ठरेल. इथलं सुटणं हंगामाशी बांधलेलं आहे.

आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. म्हणजे मोजणी ऐन द्राक्षकाढणीत येणार. तेव्हा बागायतदारांनो, तुमच्या शेडमध्ये राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नावं, तान्ह्या बाळांसकट, आधीच लिहून ठेवा. प्रगणक बांधावर आला की ती यादी त्याच्या हातात द्या आणि त्याला शेडपर्यंत घेऊन जा.