दोन पट्ट्या आणि एक कोनाडा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात, दारातून आत शिरलं की उजव्या हाताला एक खुंटी आहे. त्या खुंटीला सुतळीनं बांधलेल्या दोन सागवानी पट्ट्या लटकतात. येणारा माणूस आधी मशीनकडं बघतो, मग रंध्याकडं बघतो, या पट्ट्यांकडं कुणी बघत नाही. आज मी तुम्हाला त्यांची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी घरच्या घरी करता येणाऱ्या दोन-चार वस्तू सांगतो. तुम्ही धंद्यानं सुतार असा, नाहीतर रविवारी गच्चीवर हौसेनं स्टूल करणारे असा, त्या तुमच्या उपयोगी पडतील.

पहिली वस्तू म्हणजे टेक. आमच्याकडं तिला नुसतं टेकच म्हणतात. वीतभर रुंद फळी घ्या. तिच्या एका कडेला वरच्या अंगानं एक पट्टी मारा, समोरच्या कडेला खालच्या अंगानं दुसरी पट्टी मारा. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते आणि वरच्या पट्टीला तुमचं लाकूड टेकतं. करवत चालवताना लाकूड घसरत नाही, डाव्या हातानं नुसतं दाबलं तरी पुरतं. पुन्हा सांगतो, एक पट्टी वर, एक पट्टी खाली. उरलेल्या तुकड्यांतून अर्ध्या तासात होते.

दुसरी, खूण करायची सुरी. मशीनवरच्या हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, जाड पातं मोडलं की उद्यमनगरातल्या कारखान्यांत ते भंगारात जातं. तसा एक तुकडा मागून आणा आणि दगडावर तिरकी धार लावा. घासताना पाण्यात बुडवत राहा, तापून निळं पडू देऊ नका. मागच्या बाजूला कापड नाहीतर सुतळी घट्ट गुंडाळली की मूठ झाली. पेन्सिलीची रेघ जाड असते, सुरीची रेघ केसासारखी बारीक असते आणि पटाशी त्या रेघेत आपोआप बसते.

तिसरी, तेलाचा डबा. जुन्या सुती कापडाची घट्ट गुंडाळी करून ती पत्र्याच्या छोट्या डब्यात ठासून बसवायची आणि शिलाई मशीनच्या तेलानं भिजवायची. रंध्याचा तळ, करवतीचं पातं, काटकोन बघायचा गुण्या, सगळं काम झाल्यावर त्यावरून एकदा फिरवायचं. कोल्हापूरच्या पावसात रात्रीत गंज चढतो, ते वेगळं सांगायला नको. एक मात्र जपा. या डब्यात जवसाचं तेल वापरू नका. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून ठेवली तर आपोआप तापते आणि पेटू शकते. अशा चिंध्या उन्हात पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

हत्यारं ठेवायची फळी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात माझी एकच भर. प्रत्येक हत्यार जिथं टांगाल, तिथं त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवून आकार काढा आणि तो आकार रंगवा. संध्याकाळी दिवा घालवताना नुसती नजर टाकली की कोणती पटाशी परत आली नाही ते दिसतं. आणि फळी उंच लावा. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर मजल मारली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. नदीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्याची पेटीतली सगळी हत्यारं चिखलात गेली, माळ्याजवळ टांगलेली तेवढी वाचली. स्क्रू-खिळ्यांसाठी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आहेतच. झाकण फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूनं मारा, बरणी खालून फिरवून लावा. काचेतून माल दिसतो.

आता त्या पट्ट्या.

१९८६ साली मी अठरा वर्षांचा होतो. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कारखाना चालवायचे. गारगोटीच्या अलीकडच्या एका गावातून एक आजी आल्या. त्यांच्या घराची भिंत दगडमातीची, दोन फूट जाड, आणि भिंतीत एक मोठा कोनाडा. त्याला सागवानी चौकट आणि दोन दारं बसवून हवी होती. माप घ्यायला आबांनी मला एकट्याला पाठवलं. मी नवा टेप घेऊन गेलो, कोनाड्याच्या तोंडाशी वरच्या बाजूला टेप धरला, कोपऱ्यात वाकवून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. अडतीस इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उंचीही तशीच घेतली.

आठ दिवस खपून चौकट केली. एस.टी.च्या टपावर बांधून नेली. आबा बरोबर होते. घरी गेलो, चौकट उचलली, कोनाड्याला लावली. वर बसली आणि खाली अडली. ढकलली तर मातीचा गिलावा पडायला लागला. आजी दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

आबांनी चौकट बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "माप कुठलं घेतलंस रं, वरचं का खालचं?"

मी म्हटलं, "वरचं."

"आन् खालचं?"

मी गप्प.

ते रागावले नाहीत. पिशवीतून सागवानाचे दोन तुकडे काढले, दोन्ही दोन-दोन हात लांब, बोटभर रुंद. प्रत्येकाचं एक टोक पटाशीनं तासून निमुळतं केलं. मग दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, एकीचं टोक डावीकडं, दुसरीचं उजवीकडं, आणि कोनाड्यात धरून सरकवायला लागले. डावं टोक डाव्या भिंतीला टेकलं, उजवं टोक उजव्या भिंतीला टेकलं. अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं आणि मला म्हणाले, "आता सुरीनं रेघ मार. दोन्हीवरनं एकच."

मी दोन्ही पट्ट्यांवरून आडवी एक रेघ मारली. झालं माप. आकडा नाही, वही नाही. त्या रेघा पुन्हा जुळवल्या की कोनाड्याची रुंदी जशीच्या तशी हातात येते. वरच्या रेघेला त्यांनी एक खाच पाडली, मधल्या रेघेला दोन, खालच्या रेघेला तीन. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली, त्यांना फुली. खालची रुंदी वरच्यापेक्षा पाच सुतांनी कमी होती. दोन तिरक्या मापांत इंचभराचा फरक होता. म्हणजे कोनाडा काटकोनात नव्हताच, आणि मी काटकोनातली चौकट घेऊन गेलो होतो.

श्रोतेहो, ऐकताना नीट लक्षात राहावं म्हणून पुन्हा सांगतो. दोन पट्ट्या. निमुळती टोकं बाहेरच्या बाजूला. सरकवायच्या, दाबून धरायच्या, दोन्हीवरून एकच रेघ मारायची. वर, मध्ये, खाली, आणि दोन तिरकी. आकड्यात चूक होते, कारण आकडा वाचावा लागतो, लिहावा लागतो, पुन्हा वाचावा लागतो. पट्टीत वाचायचं काही नसतंच.

सांध्यांना खिळ्या अजून मारल्या नव्हत्या, म्हणून चौकट वाचली. सोप्यात बसून आबांनी ती सोडवली, खालच्या आडव्या पट्टीचे खांदे पाच सुतांनी मागं घेतले, तिरके कापले. शेवटची गाडी गेली. आजींनी भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा दिला आणि रात्री एका बल्बच्या उजेडात ती चौकट बसली. आबांनी वाकड्या कोनाड्याला मुद्दाम तशीच वाकडी चौकट केली होती. वरून झाकपट्टी मारल्यावर घरातल्या कुणालाही ती वाकडी दिसली नाही.

इथं एक बोलतो, विषयाला सोडून असलं तरी. अशी दगडमातीची घरं पाडताना लोक शंभर वर्षांची सागवानी दारं जळणाच्या भावानं देतात आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावतात. तसलं लाकूड आज पैसे मोजूनही मिळत नाही. दार काढायचंच असेल तर आधी एखाद्या सुताराला दाखवा. आणि शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला पोरांच्या हातात करवत द्यावी. पाचवीतलं पोर पट्टी सरळ कापू शकतं, मी शिकवून बघितलंय.

तर, पट्ट्या. आबा गेले, मी त्या टांगूनच ठेवल्या. चार वर्षांपूर्वी ऐन श्रावणात त्या आजींच्या नातवाचा फोन आला. कोनाड्याची चौकट वाळवीनं खालून खाल्ली होती, नवी हवी होती. माप घ्यायला कधी येता, म्हणाला.

आता लाकडाचा स्वभाव बघा. पावसाळ्यात दार फुगून अडतं, ते रुंदीत फुगतं म्हणून. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेनं, लाकूड जवळजवळ हलतच नाही. म्हणून पट्टीवरची लांबी चैत्रात जेवढी, श्रावणातही तेवढीच. मी सुतळी सोडली, धूळ पुसली. सुरीच्या रेघा काळ्या पडल्या होत्या, पण बोटाला लागत होत्या. एक खाच, दोन खाचा, तीन खाचा, दोन फुल्या. रेघा जुळवल्या, पट्ट्या शिकंज्यात धरल्या आणि माप घ्यायला न जाताच चौकट केली. टेम्पोतून पाठवून दिली.

संध्याकाळी नातवाचा फोन आला. म्हणाला, "काका, बसली. हातोडा लागला नाही."

नमस्कार.