मंगामधले व्हिलन खरंच सैतान असतात का? आधी सौदा तपासू

नमस्कार मंडळी! सुरुवातीलाच सांगतो, आजच्या व्हिडिओत 'डेथ नोट', 'ब्लीच', 'डीमन स्लेयर', 'डेव्हिलमॅन', 'मॉन्स्टर' आणि 'बर्सर्क' या सगळ्या मंगांचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, स्पॉयलर आहेत, काहींचे तर पार शेवटासकट. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथूनच रामराम घ्या, आधी वाचून या.

तर, मंगातला व्हिलन जरा देखणा, जरा शांत आणि हिरोच्या चार पावलं पुढे निघाला, की लगेच शिक्का बसतो: हा तर सैतान! शिंगं असली तर विचारूच नका. पण पाश्चात्त्य कथांमध्ये सैतानाचा जो साचा ठरून गेलाय, त्यात बसायला नुसतं दुष्ट असून भागत नाही. आपला कंस घ्या. बहिणीला कोठडीत टाकलं, तिची पोरं मारली, सगळं केलं, पण तो कधी कुणाच्या दारात सौदा घेऊन गेला नाही. सैतान जातो. तुम्हाला काय हवंय ते हेरतो, ज्ञान म्हणा, सत्ता म्हणा, तारुण्य म्हणा, ते खरोखर देतो, आणि बदल्यात तुमचा आत्मा लिहून घेतो. आत्मा विकणाऱ्या फाउस्ट या पंडिताच्या जर्मन गोष्टीतला मेफिस्टोफेलीस तो हाच.

हा साचा मंगाला नवा नाही बरं का. ओसामू तेझुका म्हणजे मंगाचे भीष्माचार्य. त्यांनी फाउस्टची गोष्ट तीनदा हाताळली: १९५० मध्ये, मग १९७१ मध्ये, आणि तिसऱ्यांदा १९८८ साली. ते तिसरं 'निओ फाउस्ट' १९८९ मध्ये तेझुका गेले तेव्हा अर्धवट राहिलं. म्हणजे सौद्याची गोष्ट जपानी वाचकाला चांगली पाठ आहे. गंमत पुढे आहे, त्या पाठ गोष्टीशी नंतरचे लेखक कसे खेळतात त्यात.

'डेथ नोट'चा पहिला चॅप्टर काढा. लाइट यागामी आपल्या खोलीत बसलाय. जिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो, अशी वही सापडून पाच दिवस झालेत आणि पानंच्या पानं नावांनी भरलीत. मागे र्‍यूक हा मृत्युदेव उभा राहतो: पंख, बटबटीत डोळे, कानापर्यंत फाटलेलं तोंड. लाइट दचकतो, पण लगेच सावरतो आणि विचारतो की तुझी वही मी वापरली, आता माझा आत्मा नेणार ना? आणि र्‍यूकला प्रश्नच कळत नाही! आत्मा? ही काय तुम्हा माणसांची कल्पना आहे का? मी तुला काहीच करणार नाही. बरं, मग मलाच का निवडलंस? तर निवडलं वगैरे काही नाही, वही खाली टाकली आणि ती तुझ्या हाती लागली. टाकली का? वर कंटाळा आला होता म्हणून.

थांबा जरा इथे. लाइटनं फाउस्ट वाचलाय असंच वाटतं ना? तो सैतानाची वाट बघत बसलाय, मोजायला आत्मा काढून तयार ठेवलाय, आणि समोरचा म्हणतो, अरे मला नकोच आहे तो. मग लाइट फुशारकी मारतो की वाईट माणसं संपवून मी नव्या जगाचा देव होणार. त्यावर र्‍यूक म्हणतो, तसं केलंस तर वाईट स्वभावाचा शेवटी एकटा तूच उरशील. अख्ख्या मंगाचा निकाल लेखकानं पहिल्याच चॅप्टरमध्ये सांगून टाकलाय.

आता कोणी म्हणेल, डोळ्यांचा सौदा आहे की! उरलेलं अर्धं आयुष्य द्या आणि चेहरा बघून नाव ओळखणारे डोळे घ्या. आहे, मान्य. पण र्‍यूक भाव सांगून गप्प बसतो, गळ घालत नाही. लाइट नको म्हणतो, विषय संपला. आणि त्याचं ते आवडतं सफरचंद! त्यावरून थेट बायबलमधल्या आदम-हव्वेच्या एदेन बागेत पोचणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. लेखक त्सुगुमी ओबा यांनी स्वतः सांगितलंय की त्यात तसा काही अर्थ नव्हता, र्‍यूकच्या काळ्या अंगाशी लाल रंग छान दिसेल एवढाच विचार होता. तेव्हा र्‍यूक बाद. तो प्रेक्षक आहे, आपल्यासारखाच.

सैतानाची दुसरी खूण म्हणजे बंड. देवाच्या सिंहासनावर डोळा ठेवून जो उठला आणि खाली आदळला, तो लुसिफर. इथे 'ब्लीच'मधला आयझेन फिट वाटतो. चष्मा काढतो, केस मागे सारतो आणि जाहीर करतो की आता स्वर्गाच्या माथ्यावर मी उभा राहणार. पण त्याच्या आधीचं वाक्य नीट वाचा. तो म्हणतो, तिथे मुळात कोणीच उभं नव्हतं, तू नाहीस, मी नाही, देवसुद्धा नाही. रिकामी गादी बघवत नाही म्हणून तो निघालाय. पुढे कथा आणखी गुंतागुंतीची होते, ते सोडा. पण वर कोणी बसलेलाच नाही असं मानणाऱ्याच्या बंडाला लुसिफरचं बंड कसं म्हणायचं?

मला विचाराल तर बरेच व्हिलन सैतानापेक्षा माराच्या जवळ जातात. मार, ज्याने बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला उठवायचा प्रयत्न केला तो. बौद्ध धर्माबरोबर तो भारतातून चीन, कोरिया करत जपानला पोचला. त्याला बघायचं असेल तर अजिंठ्याला सव्वीस नंबरच्या लेण्यात जा. डाव्या भिंतीवर मोठा शिल्पपट आहे: वर हत्तीवर बसून सैन्य घेऊन आलेला मार, मध्ये बुद्ध ढिम्म बसलेले, खाली नाचणाऱ्या माराच्या मुली, आणि कोपऱ्यात सगळं फसल्यावर तोंड पाडून बसलेला तोच मार. हा स्वर्गातून हाकललेला नाही. कामलोकातल्या, म्हणजे वासनेच्या जगातल्या, सगळ्यात वरच्या, सहाव्या स्वर्गाचा तो मालक आहे. त्याला तुमचा आत्मा नकोय, तुम्ही हवेहवेपणाच्या या फेऱ्यातून बाहेर पडू नका एवढंच हवंय.

आता 'डीमन स्लेयर'मधला राक्षस अकाझा आठवा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे थिएटरला लागला तेव्हा त्याची बॅकस्टोरी बऱ्याच जणांनी पाहिलीये. मी म्हणतोय ते त्याआधीचं, राक्षस मारणाऱ्या रेंगोकूबरोबरचं भांडण. अकाझा मारता मारता एकच धोशा लावतो: राक्षस हो. म्हातारा होणार नाहीस, शंभर-दोनशे वर्षं सराव करशील, आणखी ताकदवान होशील. आणि रेंगोकू, पोटातून हात आरपार गेलेला असतानाही, नाहीच म्हणतो. म्हातारं होणं आणि मरणं यातच माणसाचं सौंदर्य आहे हे त्यानं आधीच सांगून टाकलेलं असतं. आत्म्याचा हिशोब कुठेच नाही. आहे ती फक्त ओढ, आणि तिला दिलेला नकार.

याच मंगात सुरुवातीला हातांचा राक्षस येतो. हिरो तान्जिरोचे गुरू उरोकोदाकी यांच्या तेरा शिष्यांना यानं खाल्लंय. तान्जिरो त्याचं मुंडकं उडवतो, अंग विरघळायला लागतं, आणि तान्जिरोला वासावरून कळतं की हा दुःखी आहे. तो काय करतो? त्याचा हात हातात घेतो आणि देवाकडे मागतो, पुढच्या जन्मी याला राक्षस करू नकोस. सैतानाला पुढचा जन्म नसतो, मंडळी. त्याच्यासाठी अशी प्रार्थना सहसा कोणी करत नाही.

साच्यात मुद्दाम हात घालणारे लेखकही आहेत. गो नागाई यांच्यावर नरकाचं वर्णन करणाऱ्या डांटेच्या काव्यासाठी गुस्ताव्ह डोरेनं काढलेल्या चित्रांचा मोठा प्रभाव. त्यांच्या १९७२-७३ च्या 'डेव्हिलमॅन'मध्ये हिरोचा मित्र र्‍यो हाच सैतान निघतो, नावानिशी, बायबलमधला. तो बंड करतो ते राक्षसांना देवाच्या तावडीतून वाचवायला, आणि शेवटी कबूल करतो की देवानं राक्षसांशी जे केलं तेच मी माणसांशी केलं. हे सगळं मेलेल्या मित्राशेजारी बसून. पश्चात्ताप झालेला सैतान!

'मॉन्स्टर'चा योहान तर सगळ्यांच्या यादीत असतो. नाओकी उरासावा यांनी सुरुवातीलाच बायबलच्या प्रकटीकरणातला, समुद्रातून वर येणाऱ्या दहा शिंगं नि सात डोक्यांच्या पशूचा उतारा टाकलाय, त्यामुळे वाचक आधीच सावध. पण योहान काम कसं करतो बघा. किंडरहाइम ५११ या पूर्व बर्लिनमधल्या अनाथाश्रमात मुलं आणि शिक्षक एकमेकांचे जीव घेतात, आणि हा पोरगा बघत बसतो. सह्या नाहीत, वायदे नाहीत. हा नळाच्या गोष्टीतला कली आहे. तो नळाच्या घरात बारा वर्षं टपून बसला होता. एके दिवशी नळानं पाय न धुता संध्या केली, तेवढी फट पुरली. योहानलाही तेवढीच लागते.

मग साच्यात पूर्ण बसतो कोण? माझं मत ग्रिफिथला. केन्तारो मिउरा यांच्या 'बर्सर्क'मध्ये गॉड हँड नावाची चार राक्षसी देवांची टोळी सौदा मांडते तोच कडक आहे: जे तुला सगळ्यात प्रिय, ते दे. वर्षभर छळ सोसलेला, जीभ कापलेला, हातापायांच्या शिरा तोडलेला, भाडोत्री फौजेचा म्होरक्या ग्रिफिथ आपली सगळी फौज देऊन टाकतो. फाउस्टनं निदान स्वतःचा आत्मा गहाण ठेवला होता. इथे सही ग्रिफिथची आणि वसुली दुसऱ्यांकडून. आणि सही करणाराच गॉड हँडमध्ये पाचवा होऊन बसतो, म्हणजे गिऱ्हाईक नि दुकानदार एकच. नंतर परत येतो तेव्हा लोक त्याला तारणहार म्हणून डोक्यावर घेतात, त्याच्या नगरात आसरा मागतात, आणि त्यांना तिथे खरोखर सुरक्षित वाटतं! काही जण म्हणतात की हा सैतान नसून ख्रिस्तविरोधी, म्हणजे तारणहाराचं सोंग घेऊन येणारा, आहे. असेलही, पण सौदा त्यानंच केला ना?

'बर्सर्क' वाचलं नसेल तर तिसऱ्या ते चौदाव्या खंडातला गोल्डन एज आर्क आधी घ्या. वय अठराच्या आत असेल तर थांबा, त्यातले काही प्रसंग मोठ्यांनाही झेपत नाहीत.