एक हजार बाकी ठेवले तर : क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा हिशेब

(दृश्य : टेबलावर छापील बिल. पहिल्या पानावरच्या दोन चौकटी अगदी जवळून.)

या बिलावर दोन आकडे ठळक छापलेत. एकूण देय रक्कम, म्हणजे टोटल अमाउंट ड्यू, 30,000 रुपये. शेजारी किमान देय रक्कम, मिनिमम अमाउंट ड्यू, 1,500 रुपये. बिल निघालं 10 जुलैला, भरायची शेवटची तारीख 30 जुलै.

समजा, हे बिल लातूरच्या एका शिक्षिकेचं आहे. लेक इंजिनिअरिंगला लागली, म्हणून 15 जूनला गंजगोलाईतल्या दुकानातून लॅपटॉप घेतला. एकदम 30,000 रोख काढणं जड होतं, म्हणून कार्ड पुढं केलं. हिशेब सोपा राहावा म्हणून त्या महिन्यात कार्डावर दुसरं काही घेतलंच नाही असं धरू.

15 जून ते 30 जुलै, 45 दिवस. एवढे दिवस पैसे बँकेचे आणि लॅपटॉप घरात. 30 तारखेच्या आत पूर्ण 30,000 भरले तर या 45 दिवसांचं व्याज शून्य. बिलात आकारच नाही. खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केली तर ही मुदत 50 दिवसांच्या आसपास जाते. बिल निघायच्या आदल्या दिवशी केली तर जेमतेम 20-21 दिवस मिळतात.

(दृश्य : जिल्हा बँकेची शाखा, खिडकीपुढची रांग.)

मराठवाड्यातल्या शेतकरी घरात ही रीत माहितीची आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. म्हणूनच मार्च जवळ आला की गावोगाव कर्ज नवं-जुनं करायची धावपळ सुरू होते. तारीख हुकली की सवलत गेली, हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. कार्डाचंही तसंच आहे. फक्त कार्डाला ही तारीख दर महिन्याला येते, आणि ती हुकली तर व्याज मागच्या तारखेपासून लागतं.

मग पूर्ण बिल भरणाऱ्याकडून बँकेला मिळतं काय? कार्ड मशीनवर लागलं की दुकानदाराच्या रकमेतून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा जालन्याच्या बाजारात एखादा दुकानदार “कार्डावर दोन टक्के जास्त लागतील” म्हणतो, ते त्यामुळंच. तेव्हा बिनव्याजी दिवस वापरताना मनात संकोच ठेवायचं कारण नाही. बँकेची कमाई आधीच झालेली असते.

(दृश्य : मोबाईलवर बिल भरण्याचा पडदा. आकडा टाइप होतो : 29,000.)

आता आपल्या बाईंनी काय केलं ते बघा. जुलैच्या शेवटी धाकट्याची फी आली, हात आखडला. त्यांनी विचार केला, 29,000 भरू, हजार रुपये पुढच्या महिन्यात. हजारावर व्याज पडून पडून किती पडणार? शेकडा साडेतीन धरलं तर महिन्याला 35 रुपये. कुणीही शहाणा माणूस असाच हिशेब करेल.

10 ऑगस्टच्या बिलात व्याजाची ओळ आली ती 1,566 रुपयांची. वर जीएसटी 282. एकूण 1,848.

बाकी हजार रुपये आणि आकार अठराशे अठ्ठेचाळीस. “एक हजारच ठेवले होते की हो, मग एवढं व्याज कशाचं?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट बघू.

बिनव्याजी मुदत सबंध बिलासाठी असते आणि पूर्ण भरण्याच्या अटीवर असते. एक रुपया जरी राहिला तरी अट मोडली. अट मोडली की बँक 30 जुलैपासून मोजत नाही. ती खरेदीच्या दिवसापासून, 15 जूनपासून मोजते, आणि तेही 29,000 भरले जाईपर्यंत सगळ्या 30,000 वर. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के. 30,000 वर 45 दिवसांचं व्याज 1,553 रुपये. उरलेल्या हजारावर 30 जुलै ते 10 ऑगस्ट, 11 दिवसांचे 13 रुपये. म्हणजे बाकी ठेवलेल्या हजाराचा वाटा फक्त 13 रुपयांचा. बाकी सारं व्याज त्या पैशावर लागलं, जे बाईंनी तारखेच्या आत भरले होते.

हे नियमात बसतं, कार्ड घेताना सही केलेल्या कागदावरही असतं. तरी 29,000 वेळेत भरणाऱ्या माणसाला हे कुणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

याच्या मागून आणखी एक गोष्ट येते. मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ऑगस्टमध्ये भरलेलं पेट्रोल, आणलेला किराणा, सगळ्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू.

(दृश्य : कॅमेरा पुन्हा 1,500 च्या चौकटीवर.)

आणि ही किमान रक्कम. ती भरली की लेट फी लागत नाही, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलमध्ये थकबाकी दिसत नाही. म्हणून अनेकांना वाटतं, काम झालं. 30,000 थकलेले असताना एका महिन्याचं व्याज होतं 1,050, त्यावर जीएसटी 189. दीड हजारातले 1,239 तिथंच गेले. मुद्दल फिटलं 261 रुपये.

वर्षाला 42 टक्के कायद्यात बसतात का, तेही बघू. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 चा. त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. बँका या कायद्याबाहेर आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये कार्डावर 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 ला तो आदेश रद्द केला. आज कार्डाचा दर बँकच ठरवते.

एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिनव्याजी दिवस मुळातच नाहीत. काढल्या दिवसापासून व्याज, वर वेगळं शुल्क. दवाखान्यासारखी अडचण असली तरी काउंटरवर कार्डच चालतं का, ते आधी विचारा.

(दृश्य : वाळूज, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी.)

वाळूजच्या कारखान्यांत कुणाचा पगार 7 तारखेला होतो, कुणाचा 10 ला. आणि कार्डाची शेवटची तारीख असते 3 किंवा 4. पगाराच्या तोंडावर खातं रिकामं, तेव्हाच बिल. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाला किमान एकदा बिलाची तारीख बदलून मागता येते. एक फोन किंवा अ‍ॅपवरचा एक अर्ज. शेवटची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल असं करून घ्या.

ऑटो डेबिट, म्हणजे खात्यातून बिल आपोआप कापून जायची सोय, लावलं असेल तर आज रात्रीच उघडून बघा. तिथं दोन पर्याय असतात, टोटल आणि मिनिमम. पुष्कळांचं मिनिममवर लागलेलं असतं आणि त्यांना वर्षभर पत्ता नसतो. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांची जी सूट आहे, ती लेट फी आणि सिबिलला कळवण्यापुरती आहे. व्याजाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. दोन दिवस आधीच भरा.

(दृश्य : सप्टेंबरचं बिल.)

बाईंनी 30 ऑगस्टला सगळं भरलं. हजार रुपये आणि वरचे 1,848. कार्ड कपाटात ठेवलं. तरी 10 सप्टेंबरच्या बिलात 23 रुपये व्याज आणि 4 रुपये जीएसटी आलाच. हे 10 ते 30 ऑगस्टमधल्या 20 दिवसांचं, हजारावरचं व्याज. ते मागच्या बिलात येऊ शकत नव्हतं. चिडून 27 रुपये सोडून देऊ नका, नाहीतर पुढच्या खरेदीला पुन्हा पहिल्या दिवसापासून व्याज लागेल. भरून टाका, आणि व्याजाची ओळ शून्य झालेलं बिल हातात पडल्यावरच कार्ड पुन्हा वापरा.

आणि हिशेबच चुकलाय असं वाटलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथं तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी क्रमांक आहे 14448.