हायड्रोजन म्हणजे विजेचा गूळ

नमस्कार मंडळी.

परवा आमच्या सोसायटीतल्या एका पोरानं मला लिफ्टमध्ये गाठलं, मोबाईल नाकासमोर धरला आणि म्हणाला, काका हे बघा, पाण्यावर चालणारी मोटरसायकल. व्हिडिओत एक माणूस टाकीत पाण्याची बाटली ओततोय, किक मारतोय, गाडी सुरू. मी त्याला एवढंच विचारलं, अरे चुलीतली राख पुन्हा पेटते का? नाही म्हणाला. मग पाणी कसं पेटेल, पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजनच की, त्याची राखच ती. तेवढ्यात त्याचा मजला आला, तो गेला, आणि त्याला सांगायचं जे राहिलं ते आता तुमच्या कानावर घालतो.

मी नोकरीची सगळी वर्षं एका खत कारखान्यात काढली, अमोनिया प्लांटवर. त्यामुळे टीव्हीवर कुणी हायड्रोजनला भविष्यातलं इंधन म्हणालं की मला जरा हसू येतं, कारण हा पाहुणा आमच्याकडे रोज टनांनी तयार व्हायचा, पहिल्या पाळीत पण आणि रात्रपाळीत पण. युरियाची जी गोणी तुम्ही शेतावर नेता ती बनते अमोनियापासून, अमोनिया बनतो हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून, आणि तो हायड्रोजन काढतात नैसर्गिक वायूतून. गॅस आणि वाफ एकत्र करून लालबुंद तापलेल्या नळ्यांमधून सोडायची, आठशे अंशाच्या आसपास, नळ्यांमध्ये निकेलचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणारा पदार्थ, भरलेला, त्या भट्टीला रिफॉर्मर म्हणतात. भट्टीच्या भिंतीला छोटी खिडकी असते, तिच्यातून डोकावून नळ्यांचा रंग बघायचा, कुठली नळी जास्त उजळ दिसली की समजायचं हिच्यात काहीतरी गडबड आहे. चेंबूरला, अलिबागजवळ थळला खतासाठी अमोनिया याच वाटेनं बनतो, रिफायनऱ्यांमध्येही हायड्रोजन असाच काढतात. आपल्या देशात वर्षाला साधारण ५०-६० लाख टन हायड्रोजन खपतो आणि तो जवळजवळ सगळा असा. एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे नळीतून निघणारा वायू स्वच्छ, पण त्याच्या जन्माची कहाणी काही स्वच्छ नाही. याला ग्रे हायड्रोजन म्हणतात.

ग्रीन म्हणजे काय, तर सौर किंवा वाऱ्याच्या विजेनं पाणी फोडायचं आणि हायड्रोजन, ऑक्सिजन वेगळे करायचे. हे काही कालचं तंत्र नाही बरं का. पंजाबात नंगलला १९६१ मध्ये खत कारखाना सुरू झाला तो भाक्राच्या विजेवर, तिथं पाणी फोडूनच हायड्रोजन काढायचे. म्हणजे ज्याला आपण आज ग्रीन हायड्रोजन म्हणतो तो आपल्याकडे तेव्हाच बनत होता, फक्त तेव्हा त्याला कुणी ग्रीन म्हणत नव्हतं. मग जगभर तेल आणि गॅसचा रस्ता स्वस्त पडला आणि हा प्रकार मागं पडला.

आता मुद्द्याचं. मी मूळचा कोल्हापूरकडचा, लहानपणी गुऱ्हाळावर पडीक असायचो, म्हणून मला हे सगळं गुळाच्या भाषेतच समजतं. वीज म्हणजे उसाचा रस. ताजा प्यायचा, ठेवला की आंबला. हायड्रोजन म्हणजे गूळ. रस काहिलीत ओतायचा, चुलवाणात चिपाडं कोंबायची, तासन्‌तास आटवायचा, मळी काढायची, गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी बघतो आणि मग उतरवायचा, तेव्हा कुठं ढेप होते. यात रस किती आटतो! पण ढेप माळ्यावर टाकली की पावसाळाभर पुरते, ट्रकमध्ये भरून गुजरातला पण जाते. आता मला सांगा, समोर रसाचा ग्लास भरलाय आणि तहान लागलीय, तर तुम्ही तो रस आधी आटवून गूळ करणार आणि मग गूळ पाण्यात विरघळवून पिणार का?

शहरातल्या कारसाठी हायड्रोजन वापरणं म्हणजे माझ्या मते हेच आहे, आणि आकडे घरातल्या लाईट बिलाच्या युनिटमध्येच सांगतो म्हणजे पटेल. एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. त्या एक किलोत ऊर्जा उरते साधारण ३३ युनिट. मग तो दाबून टाकीत भरायचा, त्यालाही वीज लागते, आणि गाडीत फ्युएल सेल असतो, तो हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र करून परत वीज बनवतो, त्यात निम्मी ऊर्जा उष्णता होऊन जाते. शेवटी मोटरला मिळतात सोळा-सतरा युनिट. तीच पंचावन्न युनिट बॅटरीत भरली असती तर चाळीसच्या वर चाकापर्यंत गेली असती. फ्युएल सेल वाईट आहे असं नाही हं, कल्पना फार सुंदर आहे, विल्यम ग्रोव्ह नावाच्या माणसानं १८३९ मध्येच करून दाखवली होती, आणि सायलेन्सरमधून नुसतं पाणी टपकतं. २०२२ मध्ये गडकरीसाहेब टोयोटाच्या मिराई गाडीतून संसदेत गेले ते आठवत असेल, ती हीच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे पाषाणची एनसीएल, यांनी मिळून बनवलेली फ्युएल सेलची बस लोकांसमोर आली. ते तंत्र इथल्या पोरांच्या हातात येणं ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल मला अभिमानच आहे. पण रोज रात्री डेपोत येऊन उभी राहणारी पीएमपीची बस असेल तर तिला चार्जिंगची वायर लावा की सरळ.

दुसरी भानगड जागेची. एक किलो हायड्रोजन साध्या दाबाला ठेवायचा म्हटलं तर अकरा-बारा हजार लिटर जागा खातो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत तो दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तो अख्खा टँकर पण कमी पडेल, आणि हे फक्त एक किलोसाठी. म्हणून तो कोंबावा लागतो. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, बसच्या हायड्रोजन टाकीत साडेतीनशे बार, कारमध्ये सातशे. किंवा द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंशापर्यंत थंड करायचा. ते आपली इस्रो करते, चांद्रयान-३ ज्या रॉकेटवर गेलं त्याच्या वरच्या टप्प्यात द्रव हायड्रोजनच होता. पण रॉकेट वर्षातून काही वेळा उडतं, आपल्याला रोज ऑफिसला जायचंय.

जर्मनीवाल्यांनी हे करून बघितलं. तिथल्या लोअर सॅक्सनी राज्यात २०१८ मध्ये हायड्रोजनची प्रवासी ट्रेन धावली, जगातली पहिली, २०२२ मध्ये एका मार्गावर चौदा गाड्यांचा ताफा आला, आणि २०२३ मध्ये त्याच राज्यानं सांगितलं की आता पुढच्या डिझेल गाड्यांच्या जागी आम्ही बॅटरीच्या ट्रेन घेणार, त्या चालवायला स्वस्त पडतात. आपली कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आली, वरून तार गेली की विषयच संपला, तिथं रस थेट तोंडात पडतोय. हायड्रोजनचा विचार करायचा तर तो तीस-चाळीस टन माल घेऊन हजार-हजार किलोमीटर जाणाऱ्या ट्रकचा करा, जिथं बॅटरीचंच वजन मालाची जागा खातं आणि ड्रायव्हरला दहा-पंधरा मिनिटांत टाकी भरून निघायचं असतं. आणि समुद्रातली मोठी जहाजं, ती हायड्रोजनपासून केलेल्या अमोनियावर किंवा मिथेनॉलवर चालवायची. तिथं गूळच पाहिजे, रस पुरणार नाही.

स्फोटाचं काय, हा प्रश्न मला हमखास येतो. हायड्रोजन सगळ्यात हलका वायू, गळला की एलपीजीसारखा जमिनीलगत साचून राहत नाही, वर निघून जातो, ही जमेची बाजू. पण त्याला वास नाही, रंग नाही, आणि सिलेंडरच्या गॅसमध्ये आपण जो घाण वास मुद्दाम मिसळतो तो यात टाकला तर फ्युएल सेल खराब होतो. सगळ्यात वाईट म्हणजे त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. अमेरिकेत नासाच्या रॉकेट तळावर एकेकाळी कामगार पुढे झाडू धरून चालायचे, झाडूनं पेट घेतला की समजायचं इथं हायड्रोजन जळतोय. विनोद नाही, खरंच. आता सेन्सर असतात, पण हे ऐकल्यापासून प्लांटमध्ये फिरताना माझ्या डोक्यातून तो झाडू काही गेला नाही.

वीजनिर्मितीत तर लोकांचा आणखी घोळ होतो. विजेपासून हायड्रोजन करायचा आणि हायड्रोजन जाळून वीज करायची, मग हा काय उद्योग? रोजच्यासाठी वेडेपणाच आहे. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग, सौर पॅनेल निम्मे झोपलेले, आणि बॅटरी चार-सहा तासांची उसनवारी करते, चार महिन्यांची नाही. उन्हाळ्यात जास्तीची वीज वाया जात असेल तर तिचा गूळ करून ठेवा, नड पडेल तेव्हा गॅस टर्बाइनमध्ये जाळा. जाळताना कार्बन निघत नाही, पण ज्योत फार गरम असल्यानं हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड होतात, ते आवरावे लागतात. आणि गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळला की काम झालं असं कुणी सांगितलं तर हिशोब विचारा. सुरतजवळ कवासला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीनं जानेवारी २०२३ पासून आपल्या टाऊनशिपच्या पाइप गॅसमध्ये ग्रीन हायड्रोजन मिसळायला सुरुवात केली, प्रयोग म्हणून चांगलाच आहे. पण तेवढ्याच जागेत हायड्रोजनमध्ये ऊर्जा गॅसच्या एक तृतीयांशच मावते, म्हणून २० टक्के मिसळला तरी कार्बन कमी होतो फक्त सातेक टक्के.

सरकारनं ४ जानेवारी २०२३ ला राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य, त्याच्यासाठी १२५ गिगावॅट नवीन सौर-पवन वीज. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानंही स्वतःचं धोरण आणलं. लगेच ओरड झाली की इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पाण्याचा गॅस करताय. मी वहीवर आकडेमोड केली. एक किलोला नऊ लिटर पाणी, तर ५० लाख टनांना दीड टीएमसीच्या थोडं वर. खडकवासला धरण दोन टीएमसीच्या आतबाहेर, म्हणजे अख्ख्या देशाच्या लक्ष्याला एक खडकवासलाही लागत नाही. पाणी शुद्ध करणं, थंड करणं धरलं तर दोन-तीन खडकवासला म्हणा. आम्ही ऊसवाल्यांनी तर या बाबतीत गप्पच बसावं. फक्त हे प्लांट राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात उभे राहणार असतील तर तिथल्या तालुक्याला ते जड जाईल, तिथं समुद्राचं पाणी गोडं करून आणावं लागेल, ते आधी ठरवा.

आणि तो हायड्रोजन आधी कुठं जावा? मला विचाराल तर जिथं आज ग्रे हायड्रोजन खपतोय तिथंच, गाड्यांच्या आधी. यात एक गंमत आहे जी कारखान्यातल्या माणसालाच सुचते. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड पण लागतो, आणि गॅसच्या रस्त्यानं तो आपोआप मिळतो, पाणी फोडलं तर मिळत नाही. म्हणून ग्रीन अमोनिया आधी डीएपीसारख्या खतांना जाईल, युरियाचं त्रांगडं नंतर. दुसरी जागा पोलाद. स्वीडनमध्ये २०२१ मध्ये दगडी कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून केलेलं पोलाद व्होल्व्होला दिलं गेलं, तिथं लोखंडाच्या खनिजातून ऑक्सिजन काढला की धूर नाही, वाफ निघते.

लिफ्टमधला तो पोरगा हे ऐकत असेल तर त्याच्यासाठी. घरी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आण, दोन पेन्सिली दोन्ही टोकांना टोकदार कर, एका ग्लासात पाणी घेऊन चमचाभर खाण्याचा सोडा टाक, पेन्सिलींची खालची टोकं पाण्यात आणि वरची वायरनं बॅटरीला. दोन्हीकडे बुडबुडे येतील, एकीकडे दुप्पट. जिकडे दुप्पट तो हायड्रोजन, ती तार बॅटरीच्या मायनसची निघेल, बघून घे. खिडकी उघडी ठेव आणि सोड्याऐवजी मीठ टाकू नकोस, नाहीतर क्लोरीन निघेल आणि आईच्या शिव्या मला पडतील.

नमस्कार.