‘कुठे उतरणार?’ विचारण्याआधी

(दादरमध्ये नोकरी शोधणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज इकडे येताना डोंबिवलीच्या गाडीत एका हाताने कडी धरून मी लिंक्डइन, म्हणजे नोकरी-व्यवसायातल्या ओळखी जोडायचं संकेतस्थळ, उघडलं. ओळख जोडण्याच्या चौदा विनंत्या आल्या होत्या. अशा विनंतीसोबत छोटीशी चिठ्ठी जोडता येते. बारा कोऱ्या, एकीत नुसतं ‘हाय मॅम’, आणि एकीत थेट ‘तुमच्याकडे जागा असेल तर कळवा’. मी भरतीचं काम करते, त्यामुळे हे रोजचंच. चौदाही मुलं हुशार असतील हो, पण मी ओळखायचं कसं?

गाडीत जागा दोन तऱ्हांनी मागता येते. बसलेलीला विचारायचं, ‘कुठे उतरणार?’ किंवा म्हणायचं, ‘जरा सरकता का?’ पहिल्या प्रश्नात तिची अख्खी जागा हवी असते, दुसऱ्यात तिघींच्या बाकावर वीतभर चौथी सीट. लेडीज डब्यात पहिला प्रश्न कोणी मनावर घेत नाही, तो तिथला रिवाजच आहे. पण अनोळखी माणसाला पहिल्याच ओळीत नोकरी मागितलीत, की तो खिडकीबाहेर बघायला लागतो. तेव्हा आधी वीतभरच मागा.

आता तुमच्यातले अर्धे म्हणतील, अनोळखी माणसाला लिहायचंच कशाला? आपली माणसं आहेत की. गिरणगावात कोकणातून आलेला पोरगा गाववाल्याच्या खोलीवर उतरायचा आणि ओळखीच्या जॉबरकडून, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाकडून, गिरणीत चिकटायचा. ती सवय अजून आपल्या अंगात आहे. काकांना सांगू, मामांना सांगू, परक्याला कसं विचारायचं, बरं दिसत नाही! पण काकांना जे ठाऊक असतं ते बहुधा तुमच्या घरी आधीच पोचलेलं असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमकं हेच दाखवलं. बॉस्टनजवळ त्याने नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी नेहमीच्या भेटीतल्या माणसाचं नाव घेणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना खबर देणारा अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त सदस्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही घट्ट मैत्रीपेक्षा बेताच्या, थोड्या सामाईक ओळखी असलेल्या नात्यांचा नोकरी बदलायला जास्त उपयोग होतो असं दिसलं. म्हणजे कॉलेजमधली दोन वर्षं पुढची मुलगी, किंवा एखाद्या चर्चासत्रात शेजारी बसलेला माणूस. लिहायचं ते यांना.

चिठ्ठीला जागा मात्र फार थोडी. पैसे भरलेल्या खात्याला तीनशे अक्षरं. फुकटच्या खात्याला दोनशे, आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या. त्यात मराठीत लिहायचं तर आणखी गंमत. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, संगणकाच्या लेखी सगळे वेगवेगळे. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द आपल्या डोळ्याला चार अक्षरांचा, संगणकाच्या हिशेबात पंधरा! तरीही समोरचा मराठी असेल तर मराठीतच लिहा, असं मी म्हणेन. बारा कोऱ्या विनंत्यांत ती एक चिठ्ठी उठून दिसते. आणखी एक. सुचवलेल्या लोकांच्या यादीतलं बटण दाबलंत की विनंती चिठ्ठीशिवायच निघून जाते. त्या माणसाच्या पानावर जा आणि तिथून पाठवा.

लिहायचं काय? गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका मुलीने पुलांची तपासणी करणाऱ्या एका अभियंत्याला लिहिलं होतं: ‘नमस्कार. पूल तपासणीवरचं तुमचं टिपण वाचलं. मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प रेल्वेच्या जुन्या पादचारी पुलांवर आहे. तुमचं लिखाण वाचत राहायचंय, म्हणून विनंती पाठवतेय.’ दोनशेच्या आत बसतं. बघा, तिने काहीही मागितलेलं नाही. तुमच्यापर्यंत कशी पोचले, मी कोण, आता का, एवढंच आहे. ‘तुमच्या कार्याने प्रभावित झाले’ असंही नाही. ते वाक्य सत्कारात शाल देताना ठीक. विनंती स्वीकारल्यावर आठवड्याने तिने गंजाबद्दल एकच प्रश्न विचारला. उत्तर भलंमोठं आलं. माणसाला आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं, फक्त कोणी नीट विचारत नाही.

उत्तर आलं नाही तर? अपमान वगैरे मानू नका, अनेकजण महिनोन्‌महिने तिथे फिरकतही नाहीत. विनंती मागे घेता येते, पण मग त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. रागाच्या भरात मागे घेऊ नका.

(श्रोत्यांतून प्रश्न: संबोधन काय लिहायचं? सर, साहेब, की नुसतं नाव?)

सर, मॅडम चालतं. मोठ्या वयाच्या माणसाला आडनावापुढे साहेब लावलंत तर मुंबईत कोणी नाही म्हणणार नाही. मला एकाने सरळ ‘ताई’ लिहिलं होतं. त्याची विनंती मी तिथल्या तिथे स्वीकारली. ‘डिअर सर/मॅडम’ असं तिरकी रेघ मारून लिहिणाऱ्याची मात्र अजून तशीच पडून आहे. मी बाई आहे की पुरुष, हे माझा फोटो बघून तरी ठरवायचं ना!