शुद्धीवर नसलेल्या रुग्णाला उभे का करतात?

नमस्कार. इंदूरच्या रामबागेतील एक काकू अतिदक्षता विभागाच्या दारात मला म्हणाल्या होत्या, "अहो, यांना शुद्ध नाही आणि तुम्ही यांना उभे काय करता? निजू द्या की!" त्यांना तेव्हा घाईत दिलेले उत्तर आज फिजिओथेरपिस्ट म्हणून नीट देतो.

आपल्याला जागे ठेवण्याचे काम मेंदूच्या देठातील मज्जापेशींचे एक जाळे करते, हे मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. स्नायू, सांधे, तळपाय आणि कानातील तोल सांभाळणारा भाग या जाळ्याला सतत संदेश पाठवत असतात. उताण्या पडलेल्या माणसाकडून ते फार थोडे जातात. त्यामुळे पलंगावर डोळे न उघडणारा रुग्ण टिल्ट टेबलवर, म्हणजे हळूहळू उभ्या होणाऱ्या पलंगावर, कधीकधी ते उघडतो. म्हणून "प्रतिसाद नाही" असे कोणी म्हटले, की तपासणी झोपवून केली की बसवून, हे मी आधी विचारतो.

छाती, कंबर आणि गुडघ्यांवर पट्टे बांधून आम्ही टिल्ट टेबल टप्प्याटप्प्याने उचलतो, कारण उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरते. वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर टेबल पुन्हा आडवे करतो. उभ्या स्थितीत श्वासपटल खाली सरकून फुप्फुसांना जागा मिळते, शिवाय टाचा जमिनीला टेकण्याची सवय टिकते. मात्र एवढ्यानेच कोमा उतरतो, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

घरच्यांनी रुग्णाला स्वतः उचलून बसवू नये. नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे ना, एवढे नर्सताईंना जरूर विचारावे. आणि श्रद्धेपोटी चमचाभर नर्मदेचे पाणी तोंडात घालू नये. ते श्वासनलिकेत उतरू शकते. (आपल्या इंदूरच्या नळालाही नर्मदाच येते, हे काकूंना सांगितल्यावर त्या हसल्या होत्या.)

त्यापेक्षा टेबल उभे असताना समोर या, घरात ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने एकदाच हाक मारा, आणि पुढची हाक मारण्यापूर्वी मनात सावकाश दहा अंक मोजा.